डावीकडे जरा रिकामं वाटतंय

"कॅमेऱ्याची पिशवी खोलीतच राहील," असं म्हणून वहिनींनी ती पिशवी हॉटेलच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

फोटोमास्तर पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते. किल्ली पर्समध्ये जाताना त्यांनी अशी बघितली, जसं काही त्यांचं पोटचं पोर कुणी बोर्डिंगात घालत होतं.

"अगं, पण समजा एखादा चांगला उजेड..."

"समजा नाही नि उमजा नाही. आज तुम्ही फोटो काढायचा नाही. आज तुम्ही फोटोत यायचं."

त्यांना फोटोमास्तर हे नाव सगळ्या गावानं दिलेलं, आणि त्या ओघानं त्यांच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टुडिओ होता. मास्तर कॅमेऱ्यामागे, वहिनी दिव्यामागे, असा संसार चालला होता. गावातलं लग्न असो, शाळेचं संमेलन असो, मास्तरांशिवाय ते पार पडत नसे. घरोघरच्या भिंतींवर त्यांचं काम टांगलेलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. नवरा-बायकोचा एकत्र असा धड एक फोटो नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा मास्तर सारखे उठून फोटोग्राफरचा दिवा सरळ करत होते. त्या अल्बमात नवरी जागेवर आहे आणि नवरा कुठं पाठमोरा आहे, कुठं हात वर करून काहीतरी सांगतोय, आणि जेवणाच्या फोटोत तर नाहीच, कारण तो त्यानंच काढलाय. पुढचे सगळे फोटो वहिनींचे एकटीचे. बागेत वहिनी, पुलावर वहिनी, बाळाला घेऊन वहिनी.

"बघणाऱ्याला वाटतं, ह्या बाईला कुणी नाहीच," असं वहिनी म्हणायच्या.

"पण उजेड बघ काय पडलाय," असं मास्तर म्हणायचे.

आता लेकीनं नवं घर घेतलं होतं. आईबाबांना ह्या बेटावरच्या सहलीची तिकिटं तिनंच काढून दिली आणि बदल्यात एकच मागितलं: बेटावरच्या प्रसिद्ध कड्यावर दोघांचा एक फोटो, मागे लगूनचं निळंशार, अडवलेलं पाणी. तिच्या दिवाणखान्यात सासूसासऱ्यांचा फोटो लागला होता आणि त्याच्या शेजारी नुसताच एक खिळा ठोकलेला होता. वहिनींनी लेकीला शब्द दिला होता. सहलीचे सगळे दिवस कुठं पाऊस, कुठं मास्तरांचं पोट, असं करत निघून गेले होते आणि हा शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी परत निघायचं होतं.

हात लांब करून आपला आपण फोटो काढायचा मार्ग होता, नाही असं नाही. पण तो मास्तरांना मान्य नव्हता. "त्यात नाक बटाट्याएवढं येतं," ते म्हणाले. "भिंतीवर लावायचाय ना? मग कुणालातरी सांगू." इथंच खरं तर गाडं रुळावरून घसरलं, पण तेव्हा ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बंदरावरून लाँच निघाली आणि दुपार कलायच्या आत कड्यापाशी लागली. उतरवताना लाँचवाल्यानं बजावलं, "ओहोटी लागली की ही लाँच निघणार. भोंगा दोनदा वाजवीन. तिसऱ्यांदा वाजवायची आपल्यात पद्धत नाही."

कडा मात्र नाव काढावं असाच होता. काळा खडक समुद्रात सरळ उतरलेला. एका बाजूला लाटा धडका देत होत्या, आणि दुसऱ्या बाजूला खडकांच्या रांगेनं अडवलेलं लगून होतं. समुद्राचंच पाणी, पण आत येऊन निवलेलं. काठाशी हिरवट, मधे गर्द निळं, आणि तळाची वाळू दिसावी इतकं नितळ. कठड्याला लागून एक सपाट खडक होता, तिथं उभं राहिलं की दोन्ही पाणी पाठीशी येत. वहिनी तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना भरून आलं.

"लेकीनं बघायला हवं होतं हो हे," त्या म्हणाल्या.

"बघेल की. फोटोत बघेल," मास्तर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

शेजारीच चौकड्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ बायको आणि सासूबाईंबरोबर उभे होते. चेहऱ्यावरून भला माणूस दिसत होता. वहिनींनी आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. "भाऊ, आमचा दोघांचा एक फोटो काढाल का?"

"काढतो की, त्यात काय," चौकडीवाले म्हणाले. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, ताकाचा गडवा धरावा तसा.

मास्तर वहिनींच्या शेजारी उभे राहिले. वहिनींनी त्यांचं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं.

"तुमची करंगळी काचेवर आलीय," मास्तर म्हणाले.

चौकडीवाल्यांनी करंगळी काढली.

"आता समुद्र तिरका दिसणार. पाणी सांडेल एका बाजूनं."

"समुद्र मी तिरका केला का?" चौकडीवाले जरा लागल्यासारखं म्हणाले.

"जाऊ द्या ना, काढू द्या त्यांना," वहिनी दातांआडून पुटपुटल्या.

"काढू दे ना, मी कुठं नको म्हणतोय? फक्त एकदा दाखवतो." आणि कोपर सोडवून मास्तर निघालेसुद्धा. "हे बघा भाऊ, तुम्ही तिथं उभे राहा, म्हणजे कळेल. घरच्यांनाही घ्या. आजी, तुम्ही मधे या."

चौकडीवाल्यांनी वहिनींचा मोबाइल परत केला, स्वतःचा मास्तरांच्या हातात दिला आणि घरच्यांना घेऊन खडकावर गेले. मास्तरांनी जाऊन त्यांची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. सासूबाईंच्या देखत केली, हे त्या गृहस्थांना फारसं रुचलं नाही.

"आजी, चष्मा थोडा वर. हां. आता जावयाकडे बघू नका, लांब समुद्राकडे बघा. छान. डावीकडे जरा रिकामं वाटतंय." मास्तरांनी मान वळवली. "अगं, तू उभी राहा बघू तिथं."

वहिनी उभ्या राहिल्या. आता एवढ्यानं काम होत असेल तर होऊ दे, असा त्यांनी विचार केला.

मास्तरांनी फोटो काढला. चौकडीवाल्यांच्या बायकोनं तो बघितला आणि ती बघतच राहिली. "अहो, ह्यात आई हसतेय," ती म्हणाली. सासूबाई घरातून निघाल्यापासून हसल्या नव्हत्या. चौकडीवाल्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन खात्री करून घेतली.

आजूबाजूच्या चार माणसांनीही तो फोटो बघितला, आणि चांगली गोष्ट लपून थोडीच राहते? एक नवीन लग्न झालेलं जोडपं पुढं आलं. "काका, आमचाही काढाल?"

"आधी आमचा..." वहिनी म्हणू लागल्या.

"हो, हो, हे एवढं एक झालं की लगेच," मास्तर म्हणाले. "मुलं आहेत बिचारी."

मुलांनंतर एक म्हातारं जोडपं आलं. त्यांच्या चेहऱ्यावर कठड्याची सावली पडत होती, आणि खरं सांगायचं तर ती मास्तरांच्या आधी वहिनींना दिसली. वहिनींच्या पिशवीत पांढरा टॉवेल होता. तो कधी बाहेर आला, कधी दोन्ही हातांत ताणला गेला आणि त्यावरचा उजेड म्हाताऱ्यांच्या गालांवर कधी पडला, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जित्याची खोड म्हणतात ती ह्या घरात दोघांनाही होती. टॉवेल धरून बराच वेळ झाल्यावर वहिनींना आठवलं की आपण सहलीला आलोय.

तोवर कठड्याला लागून रांग उभी राहिली होती. मास्तर रंगात आले होते. कुणाला टाचा उचलायला लावत होते, कुणाला श्वास रोखायला. उंच मुलाला मागे, गुबगुबीत काकांना तिरकं, रडणाऱ्या बाळाला बापाच्या खांद्यावर. आणि दर फोटोला मान वळवून म्हणत होते, "डावीकडे जरा रिकामं वाटतंय. अगं, ये बघू."

रांग बघून कड्यावरचा पहारेकरी शिट्टी वाजवत आला. "हा काय बाजार मांडलाय? इथं धंदा करायला परवाना लागतो."

"धंदा कुठला? मी फुकट काढतोय."

"फुकट?" पहारेकऱ्याला हे आणखी संशयास्पद वाटलं. त्यानं रांगेतल्या दोघातिघांना विचारून बघितलं. मग टोपी काढून केस नीट केले, टोपी परत घातली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "युनिफॉर्मवरचा एक निघेल का? घरी दाखवायला होईल."

पहारेकऱ्याचा फोटो निघाला. तो इतका रुबाबदार निघाला की त्या माणसाला कर्तव्याची एकदम जाणीव झाली. त्यानं शिट्टी फुंकून रांग सरळ केली, मधे घुसणाऱ्यांना मागे पाठवलं आणि वर दम भरला, "एका वेळी एकच कुटुंब. इथं वशिला चालणार नाही."

"अहो, आपला," वहिनी परत म्हणाल्या. "उजेड उतरतोय."

"म्हणूनच तर घाई करतोय," मास्तर म्हणाले. "ह्यांचे फोटो राहतील ना नाहीतर."

खाली लाँचचा पहिला भोंगा वाजला. मास्तरांनी तो ऐकला नाही. ते एका मोठ्या कुटुंबाची मांडणी करण्यात गुंतले होते. आजोबांपासून रांगत्या नातवापर्यंत सगळे बसवून, उभे करून, माना वळवून झाल्या. "आता श्वास रोखा," मास्तर म्हणाले. "एकच मिनिट. डावीकडे जरा रिकामं वाटतंय. अगं, ये."

कुणी आलं नाही.

मास्तरांनी मान वळवली. तिथं टॉवेल नव्हता आणि टॉवेलामागच्या वहिनीही नव्हत्या. त्यांनी परत मोबाइलमधून बघितलं. डावीकडे नुसता खडक होता आणि त्यापलीकडे पाणी. गेली कित्येक वर्षं ते माणसांना सांगत आले होते की रिकामी जागा वाईट दिसते. इतकी वाईट दिसत असेल, असं मात्र त्यांना पहिल्यांदाच वाटलं. मोबाइल ज्याचा होता त्याच्या हातात कोंबून ते निघाले, आणि ते अख्खं कुटुंब श्वास रोखून मागे तसंच राहिलं.

वहिनी तिकीटखिडकीच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. टॉवेलाची घडी घालून झाली होती. मास्तर येऊन समोर उभे राहिले.

"इथं का बसलीस?"

"पाय दुखले."

"रागावलीस?"

"छे, मी कशाला रागावू?" वहिनी म्हणाल्या. लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला ह्या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. "आज माझे इतके फोटो निघाले. कुणाकुणाच्या घरात लागतील. लोक आपल्या पोरांना विचारतील, ही डावीकडची बाई कोण रे? आणि माझ्या लेकीच्या घरात खिळा तसाच."

मास्तरांना आता उजेडाचंही काही म्हणता येण्यासारखं नव्हतं, कारण उजेड उतरून गेला होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चल. आत्ता काढू. कोण आडवं येतं बघतो."

आडवा आला तो पहारेकरी. "रांगेत या," तो म्हणाला.

"अहो, मीच तो. ही रांग माझीच आहे."

"रांग कुणाच्या बापाची नसते. मागे उभे राहा."

मास्तरांनी पुढे बघितलं, तर रांग चालूच होती. सपाट खडकासमोर चौकडीवाले उभे होते. मघापासून बाजूला राहून त्यांनी सगळं बघितलं होतं आणि मास्तर गेल्यावर मोकळी पडलेली गादी सांभाळली होती. एका बाईच्या समोर उभं राहून ते म्हणत होते, "हनुवटी खाली. आणखी. आता नवऱ्याकडे बघू नका."

मास्तर आणि वहिनी, मास्तरांनीच लावलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की फोटोसाठी थांबणं म्हणजे काय असतं. पाय दुखतात. घाम येतो. पुढचे लोक उगाचच वेळ काढतायत असं वाटतं.

त्यांचा नंबर लागला तेव्हा सूर्य कड्यामागे गेला होता आणि लगून विझल्यासारखं करडं पडलं होतं. वहिनींनी मोबाइल चौकडीवाल्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका हातात, अगदी सफाईनं धरला आणि मास्तरांकडे बघून मंद हसले.

"सरळ उभे राहा," ते म्हणाले. "अहो, इतके सरळ नाही. खांब आहात का?"

मास्तरांनी खांदे सैल सोडले. ते एकदम इतके खाली आले की शर्ट मोठा वाटू लागला.

"हनुवटी खाली." चौकडीवाले जवळ आले आणि त्यांनी दोन बोटांनी ती खाली केली. वहिनींच्या देखत केली. सासूबाई मागे उभ्या राहून हे फार आवडीनं बघत होत्या. "आता हसा."

आणि इथं सगळी गंमत उघड झाली. मास्तरांना हसता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांना 'हसा, नैसर्गिक हसा' म्हणून सांगितलं, पण आपण स्वतः कोरडे पाषाण. त्यांनी ओठ ताणले तर दात दिसेनात, दात दाखवले तर डोळे भ्यायल्यासारखे दिसू लागले. हात कुठं ठेवायचे हे कळेना. एक खिशात घातला, काढला, मग दोन्ही पाठीमागे नेले.

"दाढ दुखतेय का?" चौकडीवाल्यांनी काळजीनं विचारलं.

वहिनींनी नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि इतक्या वर्षांचं कोडं त्यांना त्या घटकेला सुटलं. हा माणूस दर वेळी कॅमेऱ्यामागे का पळतो, त्याचं कारण उजेड नव्हताच मुळी. त्याला फोटोची भीती वाटत होती. चांगला कपाळावर घाम फुटला होता. वहिनींचा राग कुठल्या कुठं गेला. दुसरा भोंगा वाजला आणि रांगेतले लोक लाँचकडे पळू लागले.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "पोट किती वेळ आत ओढून धरणार? मला दिसतंय."

मास्तरांनी खरंच मघापासून पोट आत ओढून धरलं होतं. ते सुटलं. शर्टाचं खालचं बटण त्याबरोबर सुटलं. मास्तरांनी खाली बघितलं, वहिनींनी बघितलं, आणि दोघं अशी हसत सुटली की वहिनींना वाकून मास्तरांचा दंड धरावा लागला. चौकडीवाल्यांनी मोबाइलचं बटण दाबलं तेव्हा पहारेकरी "चला, चला, लाँच चालली" म्हणत मधे आलेला होता.

लाँच गाठली ती शेवटच्या उडीनं. बसल्यावर, श्वास खाली आल्यावर मास्तरांनी फोटो बघितला. समुद्र तिरका होता. लगून नव्हतंच. त्या जागी पहारेकऱ्याचं कोपर होतं. वहिनींचे केस तोंडावर आलेले, आणि मास्तर डोळे मिटून, तोंड उघडं टाकून हसत होते, बटण सुटलेल्या शर्टातून पोट बाहेर.

"पुसून टाक," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाला असा फोटो दिला असता तर त्यानं स्टुडिओ फोडला असता."

"लेकीला पाठवला मी," वहिनी म्हणाल्या. त्या चौकडीवाल्यांच्या बायकोशेजारी बसून तिचा नंबर लिहून घेत होत्या.

लेकीचं उत्तर बंदर यायच्या आत आलं. तिनं लिहिलं होतं, "आई, हा फोटो भिंतीवर लावणारच. ह्यांनी विचारलं, बाबा नेहमी इतके हसतात का? मी हो म्हणून सांगितलं."

मास्तरांनी ते वाचलं आणि थोड्या वेळानं परत एकदा वाचायला मागितलं.

गावी परतल्यावर वहिनींनी त्या फोटोची मोठी प्रत काढून लेकीला पाठवली आणि दुसरी मास्तरांना न विचारता स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. मास्तरांच्या सगळ्या सरळ, स्वच्छ, हनुवट्या खाली केलेल्या नवरानवरींच्या मधोमध. मास्तर दोन दिवस धुसफुसले. मग एका संध्याकाळी एका लग्नाच्या फोटोंचं ठरवायला मुलीचे आईवडील आले. आत येऊन बसण्याऐवजी दोघं काचेसमोरच उभे राहिले.

"फोटो असे हवेत आम्हाला," मुलीचे वडील त्या मधल्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाले. "हा कुणी काढला? त्यांनाच बोलवायचंय."

आत वहिनी फोटोंच्या कडा कापत बसल्या होत्या.

"त्यांच्या बायकोचा नंबर आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "देऊ का?"

मास्तर काचेपाशी गेले. स्वतःच्या उघड्या तोंडाकडे आणि दंड धरून वाकलेल्या वहिनींकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"बटण दाबलं ते दुसऱ्या गृहस्थांनी," ते शेवटी म्हणाले. "पण खरं विचाराल तर फोटो हिनं काढलाय."

"मग लग्नाला वहिनींनाच पाठवा," मुलीची आई म्हणाली.

"येईन की," वहिनी कात्री खाली न ठेवता म्हणाल्या. "फक्त नवऱ्या मुलाचं पोट केवढं आहे, ते आधी सांगून ठेवा."

पाहुण्यांना काही उमगलं नाही. मास्तर मात्र हसायला लागले, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, आणि मुलीचे वडील एकदा काचेतल्या फोटोकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत राहिले.